निळा पंप उशीखाली राहिला

प्रिय बाळ,

प्रभूमध्ये सप्रेम सलाम.

तुझं अंथरूण काढताना दम्याचा निळा पंप उशीखाली सापडला. दुसरा आहे ना जवळ? बाबा म्हणतात, असणारच, ती काय लहान आहे. फोन केला नाही, कारण तुला वाटेल की भांडण झालं म्हणून आई निमित्त शोधतेय. तसं थोडं आहेही.

परवा जेवणाआधी तुला प्रार्थना करायला सांगायला नको होतं. तुझी मैत्रीण जाऊन महिनासुद्धा झाला नव्हता. तू म्हणालीस, "आभार कशाचे? मी दम्यातून वाचले म्हणून? मग तिला का नाही वाचवलं?" आणि मी काय केलं, तर जोडलेले हात न सोडता बायबलमधलं 1 थेस्सलनीकाकरांस 5:18 म्हणून दाखवलं. सर्व स्थितीत उपकारस्तुती करा. बाबांनी माझ्याकडे पाहिलं तेव्हा कळलं, पण तोवर बोलून झालं होतं.

रात्रभर तेच डोक्यात. मूळ शब्द 'स्थितीत' आहे, 'स्थितीबद्दल' नाही, एवढं तरी तुला समजावून सांगू असं ठरवलं. सकाळी इफिसकरांस 5:20 काढलं तर तिथे 'सर्व गोष्टींबद्दल' असंच लिहिलेलं! माझी पळवाट गेली. खरं सांगते, ते वचन मला या वयातही पेलत नाही.

एक गोष्ट तुला कधी सांगितली नाही. दादाच्या परीक्षेच्या वेळी तुला दवाखान्यात ठेवलं होतं ती रात्र. तू चार वर्षांची. श्वास घेताना बरगड्या आत ओढल्या जायच्या, छातीतून शिट्टी. बाबांनी तुला उभं धरलेलं आणि मी घड्याळाकडे बघत श्वास मोजत होते. पहाटे शिट्टी थांबली आणि माझाच जीव गेला. पोटावर हात ठेवला तेव्हा कळलं, तू झोपलीस. त्या वेळी मला एकही स्तोत्र आठवेना, रोज म्हणते ते 103 वंसुद्धा नाही. तुझं पोट वर आलं की म्हणायचे, हा दिलास. पुन्हा वर आलं की, हाही दिलास. मान्न्यासारखंच होतं ते, देव इस्राएल लोकांना अरण्यात रोज देई त्या अन्नासारखं. शब्बाथाचा, म्हणजे विसाव्याच्या दिवसाचा, वाटा सोडला तर उद्यासाठी ठेवलेल्या मान्न्यात किडे पडायचे. श्वासही उद्याचा आज घेऊन ठेवता येत नाही.

त्याच पहाटे शेजारचा पलंग रिकामा झाला. त्या बाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. मी आभार मानत होते, पण ओठ न हलवता, त्यांना ऐकू जाऊ नये म्हणून. उठून त्यांच्याजवळ गेले नाही. तू परवा जे विचारलंस ते मी त्या भिंतीकडे बघून तेव्हाच विचारलं होतं. उत्तर आलं नाही. तरी दुसऱ्या दिवशी तू उठून पाणी मागितलंस आणि मी पुन्हा आभार मानले. दोन्ही खरं होतं.

योहान 11 वाच कधीतरी. लाजराच्या कबरेकडे जाताना प्रभू रडला, हे 35 व्या वचनात. 41 व्यात तो पित्याचे उपकार मानतो. आधी रडून घेतलं त्याने. तू म्हणशील, तिथे मेलेला लाजर जिवंत होऊन बाहेर आला, आपली आली नाही. हो. म्हणून मग मला प्रभूची ती शेवटची रात्र जवळची वाटते. भाकर हातात घेऊन त्याने उपकार मानले आणि थोड्याच वेळाने गेथशेमाने बागेत हा दुःखाचा प्याला टळू दे म्हणून विनवलं. उपकार मानले म्हणून विनवणी गिळून टाकली नाही त्याने, मग तूही का गिळावीस? स्तोत्र 88 तर शेवटपर्यंत अंधारातच आहे, आणि तेही शास्त्रातच ठेवलंय. बघ, पुन्हा उपदेश सुरू झाला. माफ कर. पाळकांच्या घरात वाढल्याची खोड आहे, तुझ्या आजोबांना विचार म्हटलं असतं, ते असते तर.

तू तिच्या उशाशी पाच रात्री बसलीस. तिच्या आईला चमच्याने भरवलंस. मी त्या दवाखान्यात दोन पावलं चालले नव्हते गं. हे मला परवाच बोलायला हवं होतं. पण त्या पाच रात्रींत तू झोपलीस का, पंप घेतलास का, हेच माझ्या डोक्यात होतं.

प्रार्थनेचं काही विचारणार नाही. जमेल तेव्हा कर, नाही जमली तर तुझ्या वाटची मी करते, हळू आवाजात. पंप उद्या पाठवतेय. जुना संपत आला असेल तर हा येईपर्यंत थांबू नको, नवीन घे.

तुझी,
आई

ता. क. जिना चढताना अजून धाप लागते का? मी नाही, बाबा विचारतायत.