बावीस चोक अठ्ठ्याऐंशी

मिरज
रविवार, रात्र

चि. निखिलला अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला ‘ब्रिलियंट कॉर्नर्स’ हा जॅझचा अल्बम ऐकला. ‘आई, निदान पहिली रचना संपेपर्यंत बंद करू नकोस’ असं तू बजावलं होतंस. मी केलंच बंद. चौथ्या मिनिटाला. आधी पियानो एकटाच ठेचकाळत येतो, मग दोन सॅक्सोफोन त्याच्यामागून तसेच लंगडत येतात. मला वाटलं, ही मंडळी अजून सुरात यायची आहेत. तीस वर्षं पेटी शिकवल्यावर कानाला खोड लागते रे. समोर कुणी वाजवायला बसलं की कान ऐकत नाही, चुका मोजतो. थेलोनिअस मंक या नावाच्या पियानोवाल्याच्या चुका मोजताना माझी बोटं पुरेनात.

दुसऱ्यांदा लावलं ते तुझ्या बाबांमुळे. ते भाजी निवडत होते आणि त्यांचा हात आपोआप मांडीवर गेला. तबला सोडून वर्षं झाली, पण मात्रा मोजल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. मध्येच म्हणाले, ‘अगं, हे आठाचं नाही.’ पुन्हा लावायला लावलं. मग पुन्हा. गवारीच्या शेंगा तशाच राहिल्या. शेवटी कागदावर आकडे मांडले: आधी आठ, मग सात, मग परत सात. चार-चार मात्रांचे असे बावीस खंड. ‘बावीस चोक अठ्ठ्याऐंशी!’ असं त्यांनी ज्या आवाजात जाहीर केलं, तो आवाज मी तुझ्या दहावीच्या निकालानंतर ऐकला नव्हता. (पियानोच्या पट्ट्याही अठ्ठ्याऐंशीच असतात, हे मी त्यांना मुद्दाम सांगितलं नाही. रात्रभर त्यातच गुंतले असते.)

त्यांचं दुसरं निरीक्षण याहून मोलाचं. एक आवर्तन संथ झालं की पुढचं दुपटीत येतं, मग पुन्हा संथ, पुन्हा दुप्पट. मी म्हटलं, दुगुन आहे. ते म्हणाले, नाही. आपल्या दुगुनीत ठेक्याची लय तीच राहते, तेवढ्याच जागेत बोल दुप्पट बसवायचे. इथे सगळा ताफाच दुप्पट पळतो, त्यामुळे आवर्तन अर्ध्या वेळात संपतं. आणि सॅक्सोफोनवाला रंगात आलेला असताना, त्याचं वाक्य अर्धं तोंडात असताना, पायाखालची जमीन पळायला लागते किंवा एकदम थांबते. हे बाबांनी सांगितल्यावर मी त्या टेनर सॅक्सोफोनवाल्याकडे वेगळ्या कानाने बघितलं. सनी रोलिन्स तेव्हा २६ वर्षांचा होता. त्या वयात तू काय करत होतास ते मी इथे लिहीत नाही.

मग मी वाचायला बसले. तुला यातलं बरंच माहीत असेल, तरी ऐक. १९५६ च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कमध्ये या पहिल्या रचनेचं ध्वनिमुद्रण करायला पाच जण बसले. मंक, रोलिन्स, आल्टो सॅक्सोफोनवर एर्नी हेन्री, डबल बासवर ऑस्कर पेटिफोर्ड आणि ड्रमवर मॅक्स रोच. एकेक असा की त्याच्या नावावर हॉल भरावा. पंचवीस वेळा प्रयत्न झाले आणि एकदाही ती सुरुवातीपासून शेवटपर्यंत धड पार पडली नाही! पेटिफोर्ड आणि मंक यांची तर चांगलीच जुंपली. एकदा आतल्या खोलीत बास ऐकू येईना. निर्माते ओरिन कीपन्यूज यांना वाटलं माइक बिघडला. पाहतात तो पेटिफोर्ड तारांना हात न लावता नुसतं वाजवण्याचं सोंग करतोय. शेवटी तुकडे जोडून रचना पुरी केली. आपण ऐकतो ती ही जोडलेली.

हे वाचून मी दुसऱ्या दिवशी क्लासमध्ये दोन मुलींना ओरडले नाही. दुर्गा राग तिसऱ्यांदा चुकत होत्या.

आता माझ्या प्रांतातलं. मंक पुष्कळदा शेजारच्या दोन पट्ट्या एकदम दाबतो. मी पेटी उघडून करून पाहिलं. पांढरी तीन आणि तिच्या शेजारची काळी दोन, या दोन पट्ट्या एकदम. पेटीवर ते भयंकर होतं, कारण भाता चालू आहे तोवर दोन्ही सूर एकमेकांच्या उरावर बसून घुमत राहतात. पियानोचं तसं नाही. तिथे हातोडी तारेवर पडते आणि आवाज लगेच ओसरायला लागतो. दोन दाबून एक बोट पटकन उचललं की कानाला भास होतो, सूर मधून कुठून तरी घसरत आला. मींडच की! ज्या वाद्यात मींड निघणं शक्य नाही, त्या वाद्यात त्याने तिचा भास निर्माण केलाय. पेटीला मींड नाही, श्रुती नाही, म्हणून आम्ही जन्मभर बोलणी खाल्ली, त्यामुळे ही युक्ती मला जरा जिव्हारी लागली.

तुझ्या लक्षात आहे की नाही कोण जाणे. तू दुसरी-तिसरीत असशील. अशाच दोन पट्ट्या दाबून तू म्हणाला होतास, ‘आई, यांच्यामधला सूर शोधतोय.’ मी हातावर पट्टी मारली होती. जोरात नव्हे. पण मारली होती. नववीत तू पेटी सोडलीस ती त्यामुळे असं मी म्हणत नाही, तेव्हा क्रिकेटही होतंच. पण गेला आठवडाभर मला ती पट्टी आठवतेय.

बीबॉप या जॅझच्या प्रकाराबद्दल माझी समजूत अशी होती की त्यात तानांचा नुसता पाऊस असतो. आणि हा माणूस तर तिथलाच, चाळिशीच्या दशकात हार्लेममधल्या मिंटन्स प्लेहाउस या क्लबचा ठरलेला पियानोवाला, जिथे हे सगळं शिजलं. तरी हा तान टाळतो. एक सूर ठेवतो, थांबतो, आणि आपल्याला जिथे पुढचा सूर हवा तिथे गप्प बसतो. ठेवलेला सूर कुठे संपवायचा हेही तो ठरवतो. आमच्याकडे काही जुने गवई असं करायचे, नुसत्या थांबण्यावर दाद घ्यायचे. पण ते थांबले की समेची वाट आपल्याला ठाऊक असायची. इथे ती ठाऊक नाही, म्हणून पोटात खड्डा पडतो.

सगळंच आवडलं असं समजू नकोस. बोलिव्हर हॉटेलच्या नावाची ती ब्लूज फार लांबली आहे, मध्ये मी चहा करून आले. एकट्या पियानोवरचं ‘आय सरेंडर, डिअर’ बाबांना सगळ्यात आवडलं आणि मला सगळ्यात कमी, यावरून आमचं थोडं वाजलंही. शेवटच्या ‘बेम्शा स्विंग’मध्ये (ते डिसेंबरात झालं, तोवर हेन्री आणि पेटिफोर्डच्या जागी दुसरे आले होते) रोचने ड्रमबरोबर टिंपनी वाजवले आहेत. ते ऐकताना देवळातला नगारा आठवतो.

पण ‘पॅनोनिका’! स्टुडिओत एक सेलेस्टा पडलेला होता. पियानोचा धाकटा भाऊ समज, तारांऐवजी आत धातूच्या पट्ट्या, आवाज बारीक घंटांसारखा. मंकने तो पियानोला काटकोनात लावून घेतला आणि डावा हात पियानोवर, उजवा सेलेस्टावर असं वाजवलं. एवढा अडेलतट्टू माणूस आणि एवढं हळुवार. ज्या बाईंच्या नावाने हे केलं त्या रॉथशिल्ड घराण्यातल्या, कीटकांचा अभ्यास करणाऱ्या बापाची लेक. हॉटेल बोलिव्हरही त्यांचंच राहण्याचं ठिकाण. या बाईंनी मंकला अखेरपर्यंत सांभाळलं. त्याला सांभाळायची गरजही होती. १९५१ मध्ये अमली पदार्थांच्या एका प्रकरणात त्याचं परवानापत्र गेलं आणि न्यूयॉर्कमध्ये जिथे दारू मिळते अशा क्लबांत वाजवायची बंदी आली. ते परत मिळालं थेट १९५७ ला. म्हणजे हे ध्वनिमुद्रण झालं तेव्हा आपल्याच गावात त्याला मोकळेपणी वाजवता येत नव्हतं. बायको नेलीने त्या दिवसांत घर ओढलं. तिच्याबद्दल लोक फारसं लिहीत नाहीत, असं मला दिसलं.

शेवटची वर्षं तो न्यू जर्सीत वीहॉकेनला त्याच बाईंच्या घरी होता. घरात पियानो होता, पण त्याला हात लावणं जवळजवळ सोडलेलं. १९८२ च्या फेब्रुवारीत तो गेला. वीहॉकेन तुझ्यापासून किती लांब आहे? जाऊन बघ असं म्हणत नाही, उगीच विचारलं.

तुझी जुनी पेटी मी दुरुस्तीला टाकली आहे. भात्याला उंदराने भोक पाडलं होतं. पेटीवाला म्हणाला, काळी दोन दाबली की शेजारची पांढरी तीनही थोडी बोलते, तेही काढतो. बाबा म्हणाले, राहू दे की, मंक वाजेल. मी म्हटलं, काढा. दोन दाबायच्या असतील तर निखिलची बोटं आहेत.

गुरुवारी मिळणार आहे.

तुझी
आई