ओढून आणलेल्या गाडीचे कागद आधी दाखवा

महोदय,

हप्ते थकल्याने फायनान्स कंपन्यांनी ओढून आणलेल्या गाड्या लिलावात 'आहे त्या स्थितीत' स्वस्तात मिळतात, म्हणून कर्नाटकातल्या निपाणी-चिकोडी भागातील लोक कोल्हापूरची एमएच-०९ गाडीही घेतात. माझ्या पुतण्याने घेतली. रबरी चटई उचलल्यावर खालचा पत्रा गंजलेला निघाला, पण खरा मनस्ताप कागदांनी दिला. कर्जाचा बोजा उतरवणारा नमुना ३५ आणि परराज्यातील नोंदणीसाठी लागणारे नमुना २८ चे ना-हरकत प्रमाणपत्र हाती येईपर्यंत गाडी आठ महिने अंगणात उभी राहिली; कर्नाटकाचा आजीवन कर भरावा लागला तो वेगळाच. हे कागद लिलावापूर्वीच ग्राहकाला दाखवणे परिवहन खात्याने बंधनकारक करावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

— एक वाचक, निपाणी