आरोग्यसेविकेला घरात येऊ द्या

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

वस्तीत तपासणीसाठी आलेल्या आरोग्यसेविकेला तुम्ही दारातूनच परत पाठवलेत, हे कळले. ती तीस वर्षांवरील प्रत्येकाचे वय, कमरेचा घेर, तंबाखूची सवय आणि घराण्यातला मधुमेह यांची नोंद करते, आणि त्यावरून कोणाची साखर आधी तपासायला हवी हे ठरते. आपल्या आजीचा पाय याच आजाराने गेला, तेव्हा आपल्या घरी तर तिने आवर्जून यायलाच हवे.

बाबा, बोटातून रक्त काढून केलेल्या तपासणीत साखर ठीक आली की तुम्ही गोळ्या बंद करता. पण ती साखर त्या घटकेची असते. मागच्या सुमारे तीन महिन्यांचा हिशेब एचबीएवनसी तपासणीतून कळतो आणि तुमची ती तपासणी झालेलीच नाही. मोठ्या रुग्णालयात जायचे म्हणजे दिवसाची मजुरी बुडते, हे मला पूर्ण मान्य आहे. म्हणूनच माझा आग्रह मोठ्या डॉक्टरांचा नाही, जवळच्या उपचारांचा आहे. मुंबईत 2022 पासून सुरू झालेल्या महापालिकेच्या 'आपला दवाखाना' या दवाखान्यांत औषधे मोफत मिळतात, आणि संध्याकाळीही उघडे असणारे दवाखाने कामावरून परतणाऱ्यांच्या सोयीचे आहेत. जो आजार रोज सांभाळावा लागतो, त्याची काळजी घेणारे माणूसही घराजवळच हवे, असे मला मनापासून वाटते. 'रोज चाला' हे सांगणे सोपे, परंतु आपल्या गल्लीत कोठे आणि किती वाजता चालता येईल, रेशनच्या तांदळाचा भात कमी करून उसळ कशी वाढवता येईल, हे वस्तीत वावरणारी ती बाईच सांगू शकेल.

आई, तू सडपातळ आहेस म्हणून निश्चिंत राहू नकोस, कारण आपल्याकडे बारीक अंगाच्या माणसांनाही मधुमेह होतो. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) अभ्यासानुसार देशात दहा कोटींहून अधिक लोकांना हा आजार आहे. सर्वांचे झाल्यावर उरलेले जेवणारी तू, तुझी तपासणी मात्र कोणी केलेली नाही. दोघेही तपासणीसाठी अनशेपोटी दवाखान्यात जा, बाबांची पावले तपासून घ्या, कारण बधिर पायाला चप्पल लागल्याचे कळत नाही, आणि अहवालांचे फोटो मला पाठवा. पुढच्या गोळ्या कधी आणायच्या, ते मी फोनवर विचारीन.

तुमची लेक