गणित नुसते दाखवू नका, हाताळू द्या

‘ऑनलाइन गणित’ म्हणजे फळ्यावरचेच उदाहरण मोबाइलवर पाहणे, असा समज शाळांत पक्का बसला आहे. (त्यात पार्श्वसंगीत वेगळेच!) त्यापेक्षा जिओजेब्रा हे आकृत्या काढून हलवता येणारे गणिताचे सॉफ्टवेअर उघडावे, शाळांना ते मोफत आहे. अर्धवर्तुळातल्या कोनाचा शिरोबिंदू कंसावर कुठेही सरकवा, कोन ९० अंशांवरून हलत नाही. दहावीची मुले आधी हा नियम मोडायचा प्रयत्न करतात, मग ‘असे का?’ विचारतात. सिद्धता तेव्हा शिकवावी. अपूर्णांकांसाठी कोलोरॅडो विद्यापीठाची ‘फेट’ सिम्युलेशन्स (पडद्यावर हाताळता येणारी प्रतिरूपे) आहेत, काही मराठीतही. पाठ्यपुस्तकांतल्या क्यूआर कोडवरून अशा साधनांपर्यंत थेट पोहोचता यावे, ही बालभारतीला विनंती. संगणक कक्षाला कुलूप असले, तरी शिक्षकाचा फोन आणि एक प्रोजेक्टर पुरतो.

– एक गणित शिक्षिका, कराड