वाघीण आली, आता गोठ्याकडेही पाहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नोव्हेंबर २०२५ मध्ये ताडोबाची वाघीण चांदोलीच्या जंगलात आणली, याचा आम्हा कोयनाकाठच्या माणसांना मनापासून आनंद झाला. आमच्याकडे बिबट्यालाही वाघच म्हणतात. पट्टेवाला तो ढाण्या. त्याच्या गोष्टी आजोबांकडून ऐकल्या, पाहिला कधीच नाही. चांदोली-कोयनेच्या या सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात अलीकडे कॅमेऱ्यांत तीन वाघ दिसले, पण तिन्ही नर! तरणा नर नव्या मुलखाच्या शोधात शेकडो किलोमीटर तुडवतो. वाघिणीची लेक बहुधा आईच्या शेजारीच हद्द धरते. मादी आपणहून इथवर येईल म्हणून किती वर्षे वाट पाहायची? ताडोबा आणि पेंचमधून आठ वाघ आणायचे ठरले, ते योग्यच आहे.

काळजी आहे ती पुढची. पेंचहून २००९ मध्ये मध्य प्रदेशातल्या, वाघ संपलेल्या पन्नाच्या जंगलात नेलेला नर थोड्याच दिवसांत घराच्या ओढीने दक्षिणेकडे निघाला. वनखात्याची माणसे आठवडेच्या आठवडे त्याच्या मागावर राहिली, त्याला परत आणले आणि २०१० च्या एप्रिलात तिथे बछडे जन्मले. राजस्थानातल्या सारिस्कात २००८ मध्ये हेलिकॉप्टरने आणलेला पहिला वाघ मात्र २०१० मध्ये विषाने मेला.

हे विष कुठून येते, ते मी जवळून पाहिले आहे. दोन वर्षांपूर्वी बिबट्याने आमच्या गोठ्यातले वासरू नेले. पंचनामा झाला, पण भरपाईसाठी नऊ महिने हेलपाटे घातले. शेजाऱ्याची शेळी गेली तेव्हा तो बिबट्या परत खायला येईल म्हणून फवारणीचे औषध घेऊन तिच्या उरलेल्या धडाकडे निघाला होता. मी हात धरून त्याला मागे ओढले. तो दुष्ट नाही हो, त्याची तेवढी एकच शेळी होती.

जंगलात भक्ष्य वाढावे म्हणून सागरेश्वरची चितळे इकडे सोडली, हे उत्तम झाले. स्पेन-पोर्तुगालमध्ये २००२ साली शंभरही न उरलेले लिंक्स हे रानमांजर आज दोन हजारांवर गेले, तेही त्याचे भक्ष्य असलेल्या सशांची आणि जमीनमालकांची काळजी घेतल्यामुळेच.

वनखात्याला कळकळीची विनंती आहे. पुढची वाघीण आणण्याआधी प्रकल्पालगतच्या प्रत्येक गावात त्याच दिवशी पंचनामा करणारा माणूस नेमा आणि भरपाई महिन्याच्या आत खात्यावर जमा करा. रखडलेली जुनी प्रकरणेही त्याआधी निकाली काढा.

आपला,
एक शेतकरी वाचक
ता. पाटण, जि. सातारा