अण्णांचा डबा

लातूर

प्रिय विश्वनाथ,

सप्रेम नमस्कार. दिवाळीनंतर तुला एक ओळही लिहिली नाही. तू रागावला असशील तर तो राग रास्त आहे. आईचे गुडघे तसेच आहेत, माझी साखर ठीक आहे.

अण्णांच्या शेवटच्या चार महिन्यांतल्या उरलेल्या गोळ्या मी टाकल्या नव्हत्या. चौदाव्याच्या दिवशी तू म्हणाला होतास की हे सगळे आजच घराबाहेर काढ, आणि एवढ्या महागाच्या गोळ्या कोणा गरजूला उपयोगी पडतील, असे म्हणून मी तुझ्याशी भांडलो होतो. खरे तर त्या डब्यावर अण्णांच्या अक्षरात ‘सकाळ’, ‘रात्र’ लिहिलेले होते, म्हणून माझा हात धजत नव्हता. गेल्या सोमवारी डबा उघडला, तर ट्रामाडॉल या वेदनाशामकाची एक पट्टी रिकामी आणि झोप आणणाऱ्या डायझेपामच्या सहा गोळ्या कमी. भाचा नीटच्या तयारीसाठी आमच्याकडेच असतो, हे तू जाणतोस. आधी तो गप्प राहिला. मग म्हणाला, ‘‘मामा, झोप येत नव्हती. आजोबांना डॉक्टरांनीच दिल्या होत्या ना, मग त्या वाईट कशा असतील?’’

डॉक्टरांना दाखवले, मुलगा सुखरूप आहे. परंतु या दोन गोळ्या एकत्र घेतल्या तर श्वास मंदावतो, असे ते म्हणाले, तेव्हा मला तुझे काका आठवले. त्या पावसाळ्यानंतर आपल्या गावात घरोघरी फवारणीचे औषध कुलुपात गेले, आणि तुझ्या वडिलांनी तर किल्ली करगोट्यालाच बांधली. (ती विहिरीत पडली तेव्हा तू उडी मारून बेडूक घेऊन वर आला होतास!) त्यालाही आपण औषधच म्हणतो, विश्वनाथ. मग २०१८ पासून अमली पदार्थांच्या कायद्याखाली आलेले ट्रामाडॉल मी फ्रीजवर उघडे कसे ठेवले?

मेडिकलवाल्याने उरलेल्या गोळ्या परत घेतल्या नाहीत. केरळात कोझिकोडकडे औषध नियंत्रण विभाग अशी औषधे लोकांकडून गोळा करतो. इथे मला तशी सोय सापडली नाही. केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेने २०२५ साली सतरा औषधांची यादी दिली, जी उरल्यास संडासात टाकून पाणी सोडावे, कारण ती चुकीच्या हाती गेली तर जिवावर बेततात. ट्रामाडॉल आणि डायझेपाम दोन्ही तिच्यात आहेत. २०१६ साली मिरजेहून रेल्वेने आलेले पाणी आपण प्यायलो, त्यामुळे पाण्यात औषध सोडताना जीव कासावीस झाला, पण सोडले. बाकीच्या साध्या गोळ्या ओल्या चहापत्तीत आणि मातीत कालवून, पिशवी घट्ट बांधून घंटागाडीत दिल्या, चिठ्ठ्यांवरचे अण्णांचे नाव खोडून. आईच्या झोपेच्या गोळ्या आता कपाटाच्या लॉकरमध्ये असतात, आणि किती उरल्या ते मी कॅलेंडरवर लिहितो.

मावशींच्या ऑपरेशननंतरच्या वेदनाशामक गोळ्या तुमच्या फडताळातच असतील. हे पत्र बाजूला ठेव आणि आधी त्या मोज. नातवंडे सुट्टीत येणार आहेत, म्हणून एवढा आग्रह.

वहिनींच्या बदलीचे काय झाले? धाकटीला नोकरी लागल्याचे कळले, आनंद वाटला. भाचा तुझी आठवण काढतो. एखाद्या रविवारी ये, माझ्यापेक्षा तो तुझ्याशी अधिक बोलेल. डबा रिकामा करून पुसून ठेवला आहे, अक्षरे तशीच आहेत.

तुझा,
माधव