फॉस्फरस कोण काढणार?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

हरित पोलाद, हायड्रोजनवरचे कारखाने, किती हरित ते दाखवणारे पोलादाचे तारे, असल्या बातम्या हल्ली वरचेवर वाचायला मिळतात. डिसेंबर २०२४ मध्ये केंद्राने हरित पोलादाची व्याख्याही ठरवली: टनभर तयार पोलादामागे २.२ टनांपेक्षा कमी कार्बन उत्सर्जन. चांगलेच आहे. पण मी जालन्याच्या एमआयडीसीत एका सळई कारखान्याच्या लॅबमध्ये बावीस वर्षे काढली. आमचे दुखणे याहून जुने आहे. त्याचे नाव फॉस्फरस.

जालन्याला ना लोखंडाची खाण, ना कोळशाची. भंगार आणि स्पंज आयर्न (खनिजापासून न वितळवता केलेले सच्छिद्र लोखंड) बाहेरून येते, विजेच्या इंडक्शन भट्टीत वितळते, त्याचे बिलेट म्हणजे ओतीव ठोकळे होतात आणि मिलमधून सळई निघते. खनिजातला फॉस्फरस स्पंजबरोबर भट्टीत येतो. तो वाढला की सळई ठिसूळ होते, वाकवताना तडकते. म्हणून सळईच्या भारतीय मानकाप्रमाणे (आयएस १७८६) ‘५०० डी’ या प्रतीच्या सळईत तो ०.०४० टक्क्याच्या वर चालत नाही.

रात्रपाळीला भट्टीवरचा पोरगा चिमट्यात नमुना धरून पळत येतो. पाण्यात बुडवायचा, ग्राइंडरवर घासायचा, स्पेक्ट्रोवर, म्हणजे धातूतले घटक मोजणाऱ्या यंत्रावर, ठेवायचा. ठिणगी पडते आणि स्क्रीनवर ०.०५८ उमटते. भट्टी चालवणारा मेल्टर फोनवर विचारतो, “साहेब, किती?” आकडा ऐकला की पलीकडे थोडा वेळ नुसता भट्टीचा आवाज. मग चांगले भंगार टाकून तो आकडा खाली आणायचा, नाहीतर ती हीट, म्हणजे भट्टीचा तो अख्खा घाणा, हलक्या ग्रेडमध्ये ढकलायची. फॉस्फरस निघत नाही, नुसता पांगतो.

तो काढायला चुन्याची मळी (वितळलेल्या धातूवर तरंगणारा थर) लागते. आमच्या भट्टीचे आतले अस्तर सिलिकाच्या रॅमिंग मासचे, म्हणजे ठोकून बसवलेल्या भुकटीचे, त्याला चुना खाऊन टाकतो. शिवाय इंडक्शनने धातू तापतो, मळी तापत नाही, आणि गार मळी काम करत नाही. ज्यांनी लेडल फर्नेस (भट्टीतून काढलेले पोलाद शुद्ध करायची दुसरी भट्टी) बसवली त्यांचे गंधक उतरते, फॉस्फरस मात्र तिथेच राहतो. ॲल्युमिना-मॅग्नेशियाचे अस्तर लावून पाहता येईल, पण चालत्या भट्टीत ही जोखीम कोण घेणार? अस्तर फुटले तर वितळलेले लोखंड तांब्याच्या कॉइलला भिडते, आणि कॉइलमधून पाणी खेळत असते. पुढचा स्फोट भट्टीवाल्याला सांगायला नको. मी एकदा मालकांकडे विषय काढला होता. ते रागावले नाहीत. “किती हीट वाया जातील?” एवढेच म्हणाले. माझ्याकडे उत्तर नव्हते.

दीडशे वर्षांपूर्वी इंग्लंडही याच फॉस्फरसापुढे अडले होते. तिथे तोडगा काढला तो सिडनी गिलख्रिस्ट थॉमस या लंडनच्या पोलीस कोर्टातल्या कारकुनाने. त्याचा नात्यातला भाऊ पर्सी वेल्समधल्या ब्लेनाव्हन कारखान्यात केमिस्ट होता. १८७८ च्या सुमारास तिथल्या मॅनेजरने दोघांना जागा आणि सामान दिले. आधी एका छोट्याशा कन्व्हर्टरमध्ये (लोखंडाचे पोलाद करायच्या भांड्यात) चुन्याच्या जातीचे अस्तर लावून पाहिले, मग मोठ्यात. फॉस्फरस चुन्याच्या मळीत उतरला, आणि पुढे ती मळी खत म्हणून विकली गेली. (बियाण्यांच्या आमच्या गावाला हे आवडावे.)

असा छोटा कन्व्हर्टर आम्हाला कुठे आहे? जमशेदपूरला राष्ट्रीय धातुकर्म प्रयोगशाळा १९५० पासून आहे, रांचीला ‘सेल’चे संशोधन केंद्र आहे, आमच्यासारख्या छोट्या कारखान्यांसाठीची राष्ट्रीय संस्था पंजाबात मंडी गोविंदगडला आहे. तिथल्या लोकांच्या ज्ञानाबद्दल मला आदरच आहे. पण इथून नमुना पाठवता येतो, भट्टी पाठवता येत नाही.

म्हणून मागणी साधी आहे. जालन्यात अर्ध्या टनाची एक सामायिक प्रयोगभट्टी उभी करावी. जागा शासनाने द्यावी, खर्चात मिलवाल्यांनी वाटा उचलावा. भावात ते एकमेकांचे स्पर्धक असतील, फॉस्फरस सगळ्यांचा एकच आहे. मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेचे मराठवाडा केंद्र २०१८ पासून जालन्यातच आहे. अस्तर आणि मळी हा शेवटी रसायनाचाच विषय, तेव्हा तिथली मुले वर्षभर या भट्टीवर पाळ्या करू शकतात. आणि तिथे फसलेल्या हीटचे आकडेही सगळ्या मिलना दाखवावेत. सहसा तेच कपाटात राहतात.

आपला,
एक निवृत्त केमिस्ट, जालना